रात्री वॉर्डात एकच सिस्टर: ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी काय झेपेल?

नर्सिंगहोम_दादर

दादरमधलं १५ खाटांचं नर्सिंग होम. नेहमीच्या केसेस म्हणजे लॅप कोली (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं), उघडा हर्निया, सीझर आणि अधूनमधून गुडघेबदल. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, शेवटची केस संपली की निघतात. रात्री ८ ते सकाळी ८ एक सिस्टर आणि एक मावशी. मॉनिटर २, सिरिंज पंप १, पीसीए पंप (पेशंटने स्वतः बटण दाबून वेदनाशामक घ्यायचा) नाही. मॉर्फिन-फेंटानिलसाठी लागणारी आरएमआय (मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था) मान्यता अजून घेतलेली नाही.

सध्या सगळ्यांना एकच ऑर्डर चालते: डायक्लो ७५ दोनदा, ट्रामाडॉल एस.ओ.एस. (लागलं तर), त्यावरही दुखलं तर फोर्टविन-फेनर्गन. सकाळच्या राउंडला निम्मे पेशंट 'रात्र काढली कशीबशी' म्हणतात, उरलेले गुंगीत असतात नाहीतर उलट्या करत असतात. सर्जन म्हणतात एपिड्यूरल (पाठीत मणक्याजवळ बारीक नळी ठेवून औषध) सुरू करू, एक भूलतज्ज्ञ ब्लॉकवर (नसेभोवती औषध सोडून तो भाग बधिर करणं) भर देतात, तिसऱ्यांचं मत पीसीए पंप घ्या. आमच्याकडे यातलं नक्की काय चालेल? कोणत्या ऑपरेशनला काय, आणि त्यात काय बिघडू शकतं, असं सांगितलंत तर बरं होईल.

भूल_परळ

डॉक्टर, पंपाचा विचार नंतर करू. आधी ती ऑर्डर बदला. ऑपरेशननंतरचे पहिले ४८ तास दुखणार हे ठरलेलंच आहे, मग वेदनाशामक 'लागलं तर' कशाला लिहायचं? एस.ओ.एस. लिहिलं की पेशंट बेल वाजवायला लाजतो, नातेवाईक सिस्टरला शोधत फिरतात, सलाईन लागेपर्यंत पाऊण तास जातो. तोवर वेदना दहापैकी ८ वर पोचलेली असते आणि मग जे काही द्याल ते तोकडंच पडतं.

पाया दोन औषधांचा, दोन्ही घड्याळ लावून. पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी, १५ मिनिटांत सोडायचं. इथे एक गोष्ट सर्रास चुकते: पेशंटचं वजन. ५० किलोच्या खाली डोस किलोला १५ मिग्रॅ. म्हणजे ४५ किलोच्या बाईला ६७५ मिग्रॅ, १०० मिलीच्या बाटलीतले साधारण ६७ मिली. आपल्याकडे अख्खी बाटली लावून मोकळं होतात. उरलेलं आधी काढून टाका, मगच बाटली लावा. रात्री २ वाजता ६७ मिलीला कोणी बाटली बंद करत नाही.

दुसरं डायक्लो ७५ दर १२ तासांनी, दिवसाला १५० च्या वर नाही. १ मिलीची शिरेतून देण्याची अँप्यूल वेगळी आणि ३ मिलीची जुनी वेगळी. जुनी थेट शिरेत ढकलायची नाही. कंबरेतल्या इंजेक्शनने गळू होतात, तोंडाने घेता येत असेल तर गोळी द्या. दोन्ही औषधांचे पहिले डोस ऑपरेशन टेबलावरच जावेत, भूल उतरायच्या आधी.

डायक्लो कोणाला नाही: क्रिएटिनिन वाढलेलं, लघवी तासाला किलोमागे अर्ध्या मिलीपेक्षा कमी, अल्सर, या गोळ्यांनी उठणारा दमा, हृदयाची बायपास झालेली किंवा रक्तस्राव अजून थांबायचा आहे असा पेशंट. आणखी एक जोडी लक्षात ठेवा. मुंबईत साठीच्या पुढचा दर तिसरा माणूस बीपीसाठी टेल्मिसार्टन घेतो असं आपलं मला वाटतं, त्यातल्या बऱ्याच जणांच्या गोळीत लघवीचं औषधही असतं. आदल्या रात्रीपासून उपाशी, त्यात ही गोळी आणि वर डायक्लो, की मूत्रपिंड रुसलंच. अशांना सलाईन नीट भरल्याशिवाय आणि लघवी बघितल्याशिवाय डायक्लो नको.

फोर्टविन-फेनर्गन बंद करा. फोर्टविन म्हणजे पेंटाझोसिन, त्याचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही, भास होतात, बीपी आणि नाडी चढते. आणि त्या पेशंटला आधी मॉर्फिन किंवा फेंटानिल गेलेलं असेल तर त्याचाही परिणाम हे काटतं. फेनर्गनने झोप येते, दुखणं कमी होत नाही. पेशंट बोलत नाही म्हणून आपल्याला तो शांत वाटतो, इतकंच.

तिसरा आधार ब्लॉकचा, आणि तुमच्या जागेला तोच सर्वांत सोयीचा. भूलतज्ज्ञ जाण्यापूर्वी देऊन जातात, रात्री कोणतंही यंत्र सांभाळावं लागत नाही. उघड्या हर्नियाला जखमेच्या रेषेत आणि जांघेतल्या इलिओइंग्वायनल नसेच्या भागात ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेन २० ते ३० मिली. सीझरला दोन्ही बाजूंना टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीतल्या नसांचा), प्रत्येकी २० मिली. लॅप कोलीला पोर्टच्या जागी २० मिली पुरतं, पण खांदा दुखतो त्याला हे लागू पडत नाही. ती वेदना छाती-पोटामधल्या पडद्याखाली अडकलेल्या कार्बन डायऑक्साइडची. सर्जननी शेवटी पोट हलकं दाबून वायू नीट बाहेर काढला तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.

एकूण मात्रा मात्र कोणीतरी एकाने मोजायची. ब्युपिव्हाकेन किलोमागे २ मिग्रॅ, रोपिव्हाकेन ३ मिग्रॅ. ५० किलोच्या बाळंतिणीला टॅपमध्ये ०.२५ टक्क्याचे ४० मिली गेले म्हणजे १०० मिग्रॅ संपले, मर्यादा तिथेच आली. त्यात सर्जन 'मी पण थोडं जखमेत सोडतो' म्हणून ०.५ टक्क्याचे २० मिली सोडतात, झाले २०० मिग्रॅ. ओठ बधिर होणं, तोंडात धातूची चव, कानात गुंई, मग झटके आणि हृदयाचा ठोका बिघडणं, या क्रमाने जादा डोसची विषबाधा दिसते. कधीकधी क्रम न पाळता थेट ठोकाच बिघडतो. त्यावरचा उतारा म्हणजे २० टक्के लिपिड इमल्शन, ते ऑपरेशन थिएटरात असल्याशिवाय ब्लॉक देऊ नका. ६० किलोला आधी ९० मिली २-३ मिनिटांत, मग मिनिटाला १५ मिली, एकूण ७२० मिलीपर्यंत. म्हणजे २५० मिलीच्या ३ बाटल्या. एक ठेवून भागत नाही.

ट्रामाडॉल ठेवा, पण चौथ्या क्रमांकावर. ५० मिग्रॅ १०० मिली सलाईनमध्ये २० ते ३० मिनिटांत. भरभर ढकललं की उलटी ठरलेलीच. तुमच्याकडच्या निम्म्या उलट्या यानेच होत असणार. फिट्स येणाऱ्यांना आणि नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना नको.

सिस्टर_इनचार्ज

भूल_परळ सरांनी औषधं सांगितली, मी चार्टचं सांगते. दुखतंय का असं विचारलं की आपल्या बायका 'नाही हो' म्हणतात. त्याऐवजी खोकायला सांगा, कुशीवर वळायला सांगा, आणि तेव्हाचा आकडा विचारा, ० ते १०. पडून राहिल्यावर २ आणि खोकल्यावर ७ असेल तर तो ७ लिहायचा. खोकता येत नसलेला पेशंट तिसऱ्या दिवशी तापतो, आणि ते छातीतून असतं.

ट्रामाडॉल किंवा कोणतंही अफूच्या जातीचं औषध गेलं की आधी जाग बघायची, श्वास त्यानंतर. हाकेला डोळे उघडून नीट बोलला तर ठीक. बोलता बोलता डोळा लागला तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन. हलवूनही धड जागा होत नसेल तर ती आणीबाणी. श्वास पूर्ण १ मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून ४ ने गुणलं तर एका श्वासाची चूक ४ ची होते. १० च्या खाली फोन, ८ च्या खाली ऑक्सिजन, डोकं मागे आणि नॅलोक्सोन (अफूच्या जातीच्या औषधांवरचा उतारा). आणि ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचं ९८ सॅच्युरेशन बघून निश्चिंत होऊ नका, श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो.

नॅलोक्सोनची ४०० मायक्रोग्रॅमची अँप्यूल १० मिली करायची, १ ते २ मिली दर २ मिनिटांनी, श्वास सुधारेपर्यंत. अख्खी एकदम दिली की पेशंट किंचाळत उठतो आणि बीपी भडकतं. त्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत उतरतो, मॉर्फिनचा त्याहून उशिरा. म्हणून उठून बसलेला पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, तेव्हा निदान २ तास खाटेशेजारून हलायचं नाही.

दुसरं इंजेक्शन भरण्याआधी चादर बाजूला करून बघा. स्पायनलनंतर (कमरेत टोचून दिलेली भूल) ६ तास लघवी झाली नसेल आणि ओटीपोट टणक असेल, तर त्याला कॅथेटर हवा, ट्रामाडॉल नव्हे. तळमळ आणि चढलेलं बीपी बघून फसायला होतं. ड्रेसिंग भिजलंय का, ड्रेन बंद पडलाय का, प्लास्टर किंवा पट्टी घट्ट आहे का, तेही. ठरलेली औषधं वेळेवर जाऊनही वेदना वाढतच चालली तर डोस वाढवायचा नाही, सर्जनना बोलवायचं.

कॅथेटर_सायन

परळकरांशी बहुतेक सहमत, पण एपिड्यूरल आणि स्पायनलमधलं मॉर्फिन यांच्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत, आणि मूळ प्रश्नात तर एपिड्यूरल आहे.

वरच्या पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या उघड्या ऑपरेशनला छातीच्या पातळीवरचं एपिड्यूरल चाललं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. खोकता येतं, आतडी लवकर चालू होतात. पण तुमच्या यादीत तसं एकही ऑपरेशन नाही. लॅप कोलीला एपिड्यूरल म्हणजे उगाच व्याप. शिवाय 'चाललं तर' हा शब्द जड आहे: कॅथेटर सरकतो, एकाच बाजूला बधिरपणा येतो, फिल्टरचा सांधा निसटतो. आपल्या दमट हवेत, पावसाळ्यात तर विशेष, पाठीवरची पट्टी घामाने सुटते. कातडी पूर्ण कोरडी करून पारदर्शक ड्रेसिंग आणि कॅथेटर कितव्या सेंटीमीटरला आहे ते चार्टवर, एवढं तरी हवंच.

०.१ टक्के ब्युपिव्हाकेन, त्यात मिलीला २ मायक्रोग्रॅम फेंटानिल, तासाला ४ ते ८ मिली, असं ते चालवतात. बीपी पडतं. पायातली ताकद वेळोवेळी बघावी लागते, कारण मणक्यात रक्त साकळलं तर पहिली खूण तीच. पाय जड व्हायला लागले की पंप बंद. ४ तासांत ताकद परतली नाही तर एमआरआय, आणि गाठ निघाली तर लक्षणं सुरू झाल्यापासून ८ तासांच्या आत ती काढलेली बरी. रात्री १ वाजता एमआरआय कुठे होणार, मणक्याचा सर्जन कोण येणार, हे आज ठरलेलं नसेल तर एपिड्यूरल चालू ठेवून घरी जाऊ नये. गुडघेबदलाला तुम्ही एनॉक्सापॅरिन ४० (रक्त गोठू नये म्हणूनचं इंजेक्शन) देत असाल तर कॅथेटर शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी काढायचा आणि पुढचा डोस काढल्यावर ४ तासांनी. रात्रीच्या एकट्या सिस्टरवर हे गणित टाकू नका.

सीझरला मात्र मी टॅपपेक्षा स्पायनलमधलं मॉर्फिन १०० मायक्रोग्रॅम वरचं मानतो. एक टोचणी, जवळजवळ दिवसभर आराम. ते दिलं असेल तर टॅप ब्लॉकची भर फार पडत नाही. न दिलं असेल तर टॅप खरोखर उपयोगी. खाज सुटते, मळमळते. मॉर्फिन प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच हवं आणि पातळ करताना चूक झाली तर ती थेट दहापट होते. १० मिग्रॅची अँप्यूल १० मिली करा, त्यातला १ मिली पुन्हा १० मिली करा, मग १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम येतात. दोघांनी बघून, लेबल लावून. निरोगी बाळंतिणीला एवढ्या डोसनंतर १२ तास दर २ तासांनी जाग आणि श्वास बघायचा. वजन जास्त, झोपेत घोरून श्वास अडकणं किंवा शिरेतून मॅग्नेशियम चालू, अशीला याहून वारंवार, शक्य तर मॉनिटरवर.

भूल_परळ

कॅथेटर_सायन, सीझरचं मान्य. पण त्यांच्याकडे आरएमआय नाही म्हणून मी टॅप लिहिलं. मान्यता येईपर्यंत तेच बरं.

पीसीएचं राहिलं. पंप बोलससाठी, म्हणजे एकेका लहान डोससाठी असतो: मॉर्फिन १ मिग्रॅ, मध्ये ५ ते १० मिनिटांची कुलूपबंदी (तोवर बटण दाबलं तरी डोस येत नाही), सतत चालणारी धार शून्य. पेशंट गुंगला की बटण दाबत नाही, म्हणून तो सुरक्षित. ही सुरक्षितता नातेवाईक संपवतात. मुलगा रात्रभर आईसाठी बटण दाबत बसतो, प्रेमापोटीच. 'फक्त पेशंटने दाबायचं' असं मराठी-हिंदीत पंपावर चिकटवावं लागतं, आणि तरी सिस्टरने लक्ष ठेवावं लागतं. महिन्याला दोन गुडघ्यांसाठी हा पंप मी तरी घेणार नाही.

नर्सिंगहोम_दादर

सगळ्यांचे आभार. एपिड्यूरल आणि पीसीए दोन्ही बाजूला ठेवतो. तीन शंका उरल्या. गुडघेबदलाला नेमका कोणता ब्लॉक? ब्युप्रेनॉर्फिनचा ७ दिवसांचा पॅच हल्ली बरेच जण लावतात, तो चालेल का? आणि आरएमआय मिळवणं कितपत किचकट आहे?

चालते_व्हा_फिजिओ

गुडघ्यापुरतं मी बोलते. भूलतज्ज्ञांना अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक (मांडीच्या आतल्या बाजूला) द्यायला सांगा, ०.२ टक्के रोपिव्हाकेन १५ ते २० मिली, सोबत सर्जननी सांध्याभोवती औषध सोडायचं. दोन्ही मिळून मात्रा मोजायची हे वर आलंच आहे. फीमोरल ब्लॉकने वेदना छान थांबते पण मांडीचा पुढचा स्नायू लुळा पडतो, आणि पहिल्यांदा उभं करताना गुडघा दुमडून पेशंट खाली येतो. तुमचे पेशंट लालबाग-परळच्या चाळीतले, दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, संडास व्हरांड्याच्या टोकाला. त्यांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिना यायला हवा, म्हणून पायाची ताकद टिकवणारा ब्लॉकच हवा. तरी कोणताही ब्लॉक असला तरी पाय सरळ उचलता येतो का बघून, वॉकर आणि दोन माणसं घेऊनच उभं करा.

एकदाच दिलेला ब्लॉक साधारण ८ ते १२ तासांत उतरतो आणि उतरताना वेदना एकदम उसळते. दुपारी ३ ला दिला तर मध्यरात्र ते पहाट, म्हणजे नेमकं सिस्टर एकटी असताना. त्यामुळे रात्री १२ चं पॅरासिटामॉल चुकवायचं नाही, पाय अजून बधिर असला तरी. 'दुखत नाही ना, मग कशाला' हे ऐकून डोस टाळला की ३ वाजता सगळा वॉर्ड जागा होतो.

व्यायामाच्या ४५ मिनिटं आधी गोळी. बर्फ कापडावरून १५ ते २० मिनिटं, पण कातडीची जाणीव परत आल्यावरच, नाहीतर बर्फाने भाजतं आणि कळत नाही. उशी टाचेखाली, गुडघ्याखाली ठेवली की बरं वाटतं आणि गुडघा वाकडाच राहतो. पोटरी दुखून फुगली तर व्यायाम थांबवून शिरेत गाठ आहे का बघायला डॉप्लर.

औषधवाला_गिरगाव

पॅचचं: ब्युप्रेनॉर्फिन पॅच लावल्यावर रक्तात पुरेसं यायलाच १२ ते २४ तास जातात, स्थिर व्हायला ३ दिवस. ऑपरेशननंतरचा सर्वांत वाईट दिवस तोवर संपतो. दुष्परिणाम दिसला आणि पॅच काढला तरी कातडीत साठलेलं औषध दिवसभर येत राहतं. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली किंवा ताप चढला तर जास्त औषध आत जातं. फेंटानिलचा पॅच तर ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी वर्ज्यच आहे. डायक्लोचा पॅच वेगळी गोष्ट, पण तो लावला तर डायक्लोचं इंजेक्शन बंद.

मला जास्त काळजी दुहेरी डोसची वाटते. वॉर्डात पॅरासिटामॉलच्या ४ बाटल्या म्हणजे ४ ग्रॅम, दिवसाची मर्यादा तिथेच भरली. मग नातेवाईक खालच्या केमिस्टकडून कॉम्बिफ्लाम आणतात, त्यात आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. म्हणजे पॅरासिटामॉल मर्यादेपलीकडे आणि डायक्लोवर दुसरं त्याच जातीचं औषध. ट्रामाडॉलच्या जोडगोळीतही ३२५ असतंच, डोलोत ६५०. दारू पिणाऱ्या किंवा लिव्हर बिघडलेल्या पेशंटची मर्यादा मुळात २ ग्रॅमवर आणावी लागते. दाखल करतानाच घरच्या गोळ्यांची पिशवी सिस्टरच्या कपाटात जमा करून घ्या.

आरएमआयचं: एनडीपीएस (अंमली पदार्थांचा) कायदा १९८५ चा, २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही सहा अत्यावश्यक अंमली औषधं ठरली, आणि आधीचे चार-पाच वेगवेगळे परवाने जाऊन संस्थेला एकच मान्यता पुरते. ती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून. एक जबाबदार डॉक्टर नेमायचा, कुलपाचं कपाट, रोजचा साठा रजिस्टरमध्ये, आणि अँप्यूलमधलं उरलेलं दोघांच्या सहीने टाकायचं. ते काम तुम्ही आत्ताही टाळू शकत नाही, कारण २०१८ पासून ट्रामाडॉलही याच कायद्याखाली आलंय आणि पेंटाझोसिन आधीपासून आहेच.

नर्सिंगहोम_दादर

घरी सोडताना काय लिहावं?

औषधवाला_गिरगाव

पॅरासिटामॉल ६५० दिवसातून ४ वेळा, ३ ते ५ दिवस, दुखो न दुखो. डायक्लो ५० दोनदा जेवणानंतर, जास्तीत जास्त ५ दिवस, सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ४०. मूत्रपिंडाचा प्रश्न असेल तर डायक्लो अजिबात नाही. गुडघेबदलवाल्यांना ट्रामाडॉल ५० च्या मोजून ६ गोळ्या, सोबत बद्धकोष्ठतेचं औषध. अंगावर पाजणाऱ्या आईला पॅरासिटामॉल आणि डायक्लो चालतं. ट्रामाडॉल आणि कोडीन नको, बाळ सुस्त होतं आणि त्याचा श्वास मंदावू शकतो. चिठ्ठीवर प्रत्येक गोळीसमोर वेळ लिहा. 'टीडीएस' (दिवसातून तीनदा) वाचून घरी कोणाला काही कळत नाही.

सिस्टर_इनचार्ज

आणि निघायच्या अर्धा तास आधी एक डोस द्या. टॅक्सी प्रत्येक खड्ड्यातून जाते, पोटावर टाके असलेल्या बाईला प्रत्येक खड्डा मोजता येतो. पोटाशी घट्ट धरायला एक उशी सोबत द्या, खोकला आला तरी तीच उपयोगी पडते.